मागील दहा वर्षांतील पत्ते

अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत.
टोलीडोत मॉमी नदीवर बर्फ धरलाय, रेडिएटर खोकतोय,
आणि मी सरकारी वकिलांच्या कचेरीत
उन्हाळ्यापुरती, बिनपगारी उमेदवारी मागतेय.
(उमेद तेवढी आपली, बाकी सगळं सरकारचं.)

नाव: मार्लेना किश. विधी शाखा, वर्ष दुसरं.
गुणपत्रक जोडलं. लेखनाचा नमुना जोडला, दहा पानं,
घर रिकामं करण्याच्या नोटिशीतल्या
एका स्वल्पविरामावर.
'लोकसेवेची ओढ का वाटते?' पाचशे शब्द.
त्यात 'न्याय' सात वेळा आला होता,
चार ठिकाणचा खोडला.

इथवर सगळं सुतासारखं सरळ.

मग रकाना चौदा:
मागील दहा वर्षांतील सर्व पत्ते, खंड न पडता, महिन्यांसह.
प्रत्येकापुढे, आपल्याला तिथे राहताना
पाहिलेल्या व्यक्तीचं नाव.

कन्सॉल स्ट्रीट, वरचा मजला.
मिसेस ओरॉस.
आमचा फ्रीज जिन्यावरून उतरताना तिनं पाहिला
आणि पडदा ओढून घेतला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही चढलो तेव्हा शहाणे नव्हतो,
भाडेकरू होतो.
आईनं पावत्या बुटांच्या खोक्यात नेल्या होत्या.
खोक्याची दोरी सुटायच्या आत निकाल लागला;
भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं, चाळीस सेकंद.
समोरच्या वकिलानं मान वर केली नाही.
वाईट नव्हता तो.
त्याच्या काखेत अजून एकोणतीस फायली होत्या.

मग मोटेल, खोली दोनशे चौदा.
मग मावशीचा सोफा, ऑक्टोबर संपेस्तोवर.
मग नोव्हेंबर ते मार्च

नोव्हेंबर ते मार्च

कर्सर लुकलुकतो.
नोव्हेंबर ते मार्च एक निळी ब्युइक होती,
रात्रभर उघड्या असणाऱ्या किराणा दुकानामागच्या वाहनतळावर.
आई पुढच्या सीटवर, मी मागच्या.

खोटी माहिती दिल्यास काय होतं
ते कलम मला पाठ आहे, परीक्षेला होतं.
तरी सोफा मार्चपर्यंत ताणता आला असता.
सोफ्याला कोण विचारायला जातंय?
मावशीही हो म्हणाली असती. मावश्या म्हणतात.

दुकानात फोन लावला.
पावाच्या काउंटरवरच्या बाईनं शोधून नंबर दिला:
ओर्विल हॅस्किन्स, रात्रपाळीचा पहारेकरी, आता निवृत्त.
रोज तीन वाजता तो टॉर्चच्या बुडानं काचेवर टकटक करायचा,
आमच्यापैकी कुणीतरी हात वर करेपर्यंत थांबायचा,
आणि जायचा.
पाच महिन्यांत एकदाही नाव विचारलं नाही.

"ब्युइक," तो म्हणाला. "मागं पुस्तक घेऊन बसलेली पोरगी."
मी म्हटलं, हो, तीच.
सगळं सांगितलं. लाज वाटत होती, म्हणून भरभर.
पलीकडं टीव्ही चालू होता. त्यानं तो बंद केला.
"घाल माझं नाव. विचारलं तर सांगेन, राहत होते.
भाडं मात्र कधी दिलं नाही."
आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

टाइप केलं: किराणा दुकान, मागची बाजू.
लाल अक्षरं उमटली: घर क्रमांक आवश्यक.
बराच वेळ हात तसाच राहिला.
मग आठवलं, आमच्या पुढच्या चाकाखाली
पिवळ्या रंगात अर्धवट पुसलेला आकडा होता.
एक्केचाळीस.
घेतला. काही कुरकूर न करता घेतला.

अकरा त्रेपन्नला अर्ज गेला.
बदल्यात चौदा आकडी पोचक्रमांक आला, आणि
'कृपया या ईमेलला उत्तर देऊ नये.'

झोप येत नाही.
आतल्या खोलीत आई, दार नेहमीसारखं सताड उघडं.
तीनला ती कुशीवर वळते,
डोळे मिटलेलेच,
अंधारात हात वर करते,
जरा वेळ तसाच धरते,
आणि पुन्हा झोपी जाते.